चार बोटं जागा

आत्या, तुमचं हेल्मेट कुणी घेतलं नाही.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, तुमची लुगडी वाटून झाली. हिरव्या काठाचं नणंदबाईंनी नेलं, जुनी वाकळेसाठी बाजूला ठेवली, पानाची चंची धाकट्या काकूंनी आठवण म्हणून मागून घेतली. ते लाल हेल्मेट मात्र खुंटीवर तसंच आहे. प्रत्येकीनं उचललं, आत डोकावून बघितलं आणि गुमान परत अडकवलं. आतल्या स्पंजाला अजून तुमच्या खोबरेल तेलाचा वास येतो. सासू-सुनेची हेल्मेटं शेजारी शेजारी लटकतात असं पाटण तालुक्यात आपलं एकच घर असेल. आता माझं रोज निघतं आणि संध्याकाळी येऊन तुमच्या हेल्मेटाशेजारी टांगलं जातं.

तुम्ही गाडीवरून पडून गेला नाहीत, हे मला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसावं लागतं. खुंटीकडं बघून लोक चुकचुकतात आणि मग माझ्याकडं बघतात. कुणाकुणाचं तोंड धरू? अंगणात हात धुता धुता बसलात तुम्ही. डोक्यातली शीर आतून फुटली, म्हणाले डॉक्टर. आतून फुटणाऱ्याला बाहेरून मी काय घालणार होते, आत्या?

घरात तशा आपण दोघीच. मामा, तुमचे मालक, जाऊन जमाना झाला. तुमचा लेक संदीप फौजेत, सुट्टी मिळेल तेव्हा येणार आणि डोळे मिटून उघडेपर्यंत परत जाणार. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, आणि कोयनेच्या अंगाच्या वाड्यावस्त्या माझ्याकडं. म्हशी भरवायच्या, लसी टोचायच्या, अडलेली गाय मोकळी करायची. रेतनाच्या नळ्या ठेवायचा तो नायट्रोजनचा जड डबा पाठीमागं बांधला की स्कूटी घाटात नाही म्हणते, म्हणून मोटरसायकल. सून मोटरसायकल चालवते म्हटल्यावर भावकीनं नाकं मुरडली, तेव्हा तुम्ही लुगड्याचा काष्टा सावरून माझ्यामागं बसलात आणि पाटणच्या बाजारात पेठेतून दोन फेऱ्या मारायला लावल्यात. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

पहिल्या थंडीत मी संदीपचं रायडिंग जाकीट घालून निघाले, तर तुम्ही दारातच हसायला लागलात.

"आगं ह्ये काय? पोत्यात मांजर घातल्यागत दिसतीयास!"

हसलात, पण जवळ येऊन ते चाचपूनही बघितलंत. कोपराला जे जाड पॅड असतं, ते माझ्या मनगटाच्या वाटेला लागलेलं. खांद्याचं पॅड दंडावर. "आन पडलीस म्हंजी ह्ये कोपराला लागणार कसं?" असं तुम्हीच विचारलंत. मला तोवर ते सुचलं नव्हतं. मग साताऱ्याला जाऊन दुकानं पालथी घातली. बायकांसाठी म्हणून एक गुलाबी निघालं, त्यात पॅडच्या नावाखाली पापडाएवढे पातळ स्पंज. "मॅडम, लेडीजमध्ये एवढंच येतं," म्हणाला दुकानदार. तुम्ही त्याला म्हणालात, "का? लेडीजची हाडं गुलाबी असत्यात व्हय?" त्यानं ते गुलाबी जाकीट परत टांगलं, आणि आपण बाहेर आलो.

म्हणून सांगलीचे बशीरभाई. माझ्या माहेरच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान. आधी गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे, आता अंगाच्या मापानं रायडिंगची जाकिटं आणि पँटी शिवतात. लांबून लांबून पोरं येतात. मी एकटीच जाणार होते. तुम्ही आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवलेली. "मापं घेताना संगट बाईमाणूस नगं व्हय? आन तुझ्या आईला भेटून बी लय दिस झालं."

बशीरभाईंची माप घ्यायची रीत वेगळी. उभ्या माणसाचं माप ते घेतच नाहीत. दुकानातच एक जुनी मोटरसायकल स्टँडवर लावलेली असते, तिच्यावर बसवतात, हँडल धरायला लावतात, पुढं वाकायला लावतात. तशा बसण्यात बाही वर चढते, पाठ ताणते, कोपर कुठं येतं ते दिसतं. मला बसवलं, आणि टेप तुमच्या हातात दिली.

"आज्जी, तुमी धरा. मी हितनं वाचतो."

काय मिरवलात तुम्ही त्या टेपेनं! खांदा झाला, दंड झाला, पाठ झाली. पोटाशी आलात आणि टेप गुंडाळून आतून आपली चार बोटं घातलीत. बशीरभाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"आज्जी, बोटं काढा की."

"न्हाई काढत."

"आवं, सैल हुईल त्ये."

"हुं दे. तेवढी जागा लागंल उद्या. ही काय कायम अशीच काडीगत ऱ्हाणार हाय व्हय?"

मी हँडल धरून वाकलेली. कानशिलं तापली. "आत्या!" म्हणून ओरडले तर तुम्ही निवांत, "आता काय? वंगाळ बोलले व्हय काय?" बशीरभाईही बावरले. मग खाली बघत त्यांनी समजावलं, की सैल जाकीट आणि जाकीट नसणं सारखंच. पडलं की जाकीट फिरतं, पॅड एकीकडं आणि हाड एकीकडं. पोटाशी सैल ठेवलं तर सगळं वर सरकणार, पाठीचं पॅड मानेला येणार. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. बोटं काढली नाहीत.

आपल्याकडं पोराला कपडा शिवताना वाढत्या अंगाचा शिवतात, नवरीचा ब्लाऊजही आत कापड दुमडून शिवतात. तुमच्या लेखी ते जाकीट त्यातलंच. शेवटी बशीरभाईंनीच वाट काढली. दोन्ही कुशींना जास्तीचं कापड आत दुमडून घेतो, वर अस्तर लावतो, बाहेरून माप बरोबर राहील. "लागंल तवा आणा, उसवून देतो." तेव्हा कुठं तुमची बोटं निघाली.

रंगावरून तर परतीच्या वाटेवर कऱ्हाडपर्यंत वाद चालला. मला काळंच हवं होतं, धूळ-शेण दिसत नाही म्हणून. "डांबर काळं, तू काळी. ट्रकवाल्याला दिसायचीस कशी?" पाठीवरचा तो भडक नारिंगी पट्टा तुमचा. आणि मी म्हणत होते की मागं बसणाऱ्यालाही जाकीट लागतं, तुमचंही माप देऊ. तुम्ही हेल्मेटाच्या पुढं सरकला नाहीत. "लुगड्यावर जाकीट घालून मी काय सर्कशीत जाऊ?" हा वाद आपला तसाच राहिला. मी पुढच्या दिवाळीला गुपचूप शिवून आणणार होते. तुमच्या खांद्याचं माप मला तोंडपाठ होतं.

जाकीट आलं आणि खरंच अंगाला बसलं. कोपर तिथं कोपर, खांदा तिथं खांदा. फक्त कुशीतल्या त्या दुमडी. जाड कापडाची घडी, वर अस्तर. घाटात प्रत्येक वळणाला वाकलं की बरगडीखाली टोचायची. उजवीकडं वळलं की उजवी, डावीकडं वळलं की डावी. कोयनानगरच्या वाटेला वळणं काय कमी आहेत? रोज जाता-येता तुमची बोटं टोचत राहायची. आधी मला हसू यायचं. नंतर राग यायला लागला. मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, आणि त्यानंतर त्या वळणांवर काय काय व्हायचं ते मी कुणाला बोलले नाही.

मूल होणार नाही, आत्या. हे एवढंच वाक्य होतं. ते मला तुम्हाला सांगायचं होतं. आज लिहून काढलं तर केवढंसं दिसतंय.

संदीप म्हणाला, "तू नको बोलू, सुट्टीला आल्यावर मी सांगतो आईला." आला. पत्रे बदलले, विहिरीची मोटर दुरुस्त केली, तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं आणि गेला. सीमेवर उभा राहतो तो माणूस. तुमच्यासमोर चुलीपाशी बसला की त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. मी तरी काय वेगळी? किती वेळा भाकरी थापताना तुमच्या पाठीमागं येऊन उभी राहिले. "आवं आत्या," म्हणायचे. तुम्ही "काय गं?" म्हणायचात. मी म्हणायचे, "मीठ संपलंय."

त्या वरच्या आळीच्या बाईनं एकदा पाणवठ्यावर तोंड सोडलंच. दुसऱ्याच्या म्हशी गाभण करत फिरते आणि स्वतःच्या घरात पाळणा नाही, असं काहीतरी. मी तिथंच होते. तुम्ही हंडा खाली ठेवलात आणि म्हणालात, "तुझी म्हस अडली तवा कुणाच्या दारात आलीवतीस गं? परत त्या दारात पाय ठिवू नगंस." वाटेनं घरी येताना मला वाटलं आता सांगावं. पण तुमचा श्वास रागानं चढला होता. म्हटलं, पाणी पिऊ देत आधी.

आधी आधी तुम्ही महिन्याच्या महिन्याला माझ्या तोंडाकडं बघायचात. विचारायचा नाहीत, नुसतं बघायचात. ते बघणं कधीतरी बंद झालं. मला वाटलं कंटाळलात. मनातून उतरले मी, असंही वाटलं. एक-दोनदा तर ह्या रागात मी तुमच्याशी नीट बोलले नाही, आणि तुम्ही काही झालंच नाही असं वागलात.

गेल्या दिवाळीनंतर मी हेळवाकच्या अलीकडं खडीवर घसरले. फार नाही, गाडी आडवी झाली आणि मी कोपरावर पडून फरफटले. जाकीट खरवडलं, पण कोपर शाबूत. उजव्या हातमोज्याचा तळवा मात्र जाळी होऊन गेला. घरी आले तर तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. जाकीट काढून घेतलंत, हातमोजे काढून घेतलेत, माझं कोपर हातात धरून उजेडात फिरवून फिरवून बघितलंत. "धुवून ठिवते," म्हणालात आणि सगळं आतल्या खोलीत घेऊन गेलात.

दुसऱ्या दिवशी हातमोज्यांच्या दोन्ही तळव्यांना काळं जाड ठिगळ. धान्याची पोती शिवायच्या दाभणानं, वाकळेला घालता तसे बारीक धावदोरे.

"आत्या, डावा कुठं फाटला होता?"

"फाटंल की. आदीच लावल्यालं बरं."

"आणि एवढं चांगलं कापड कुठनं काढलं?"

"घरातच पडलं हुतं. वापरात न्हाई त्ये ठिवून काय करायचं?"

मला वाटलं संदीपच्या जुन्या किटबॅगचं असेल. मुठीला घट्ट बसायचं, पावसातही हात सटकायचा नाही. मी तुमची थट्टा केली, बशीरभाईंना सांगते म्हटलं, तुम्हाला दुकानात ठेवून घेतील. तुम्ही सुपातल्या तांदळातून मान वर न करता म्हणालात, "मग तुझ्या भाकरी कोन करणार?"

आणि त्याच सुमाराला जाकीट टोचायचं थांबलं. सवय झाली असेल, कापड मऊ पडलं असेल, असं धरून मी चालले. माणूस टोचतं तेव्हा लक्ष देतं. थांबलं की कोण विचार करतं?

त्या सकाळी मी मेंढ्यांना लस टोचायला वरच्या धनगरवाड्यावर होते. तिथं मोबाइलला रेंज नाही. खाली उतरले तेव्हा फोन वाजतच सुटला. मी पोचले तेव्हा तुम्हाला ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते. आत तुमच्याजवळ नणंदबाई बसल्या. मी गाडीला किक मारली आणि मागं लागले. पाटणपासून कऱ्हाडपर्यंत त्या पांढऱ्या दारामागं. काचेतून तुमचे पाय दिसत होते, वाहाणा नसलेले. खड्डा आला की पाय हलायचे, आणि मला दर वेळी वाटायचं तुम्हीच हलवलेत.

दवाखान्यात मला आत सोडेनात. दाराशी मी तशीच उभी, अंगात जाकीट, काखेत हेल्मेट. खांद्याला पॅड, कोपराला पॅड, पाठीला पॅड, गुडघ्याला पॅड. डॉक्टर बाहेर आले आणि बोलले. त्यांचं बोलणं संपल्यावर मी विचारलं, "मग मी काय करू?" ते म्हणाले, "बसा तुम्ही." करण्यासारखं एवढंच होतं. मी बसले. जाकीट काढायचंही सुचलं नाही.

तेराव्यानंतर मी ठरवलं की ती दुमड कापून टाकायची. तुम्हाला सांगायचं राहिलं ते सांगायची एवढी एकच रीत मला सुचत होती. तुमच्या बोटांनी राखलेली जागा बशीरभाईंच्या कात्रीनं काढायची, म्हणजे तुम्हाला सांगितल्यासारखं होईल. वेडेपणा आहे, मला कळतंय. पण मेलेल्या माणसाला गोष्ट सांगायची कशी हे कुणी शिकवलंय का?

सांगलीला एकटी गेले. मागं तुम्ही नाही म्हटल्यावर गाडी हलकी लागायची, वळणावर अंदाज चुकायचा. बशीरभाईंना तुमचं कळलं होतं. टेप गळ्यातून काढून त्यांनी हातात धरली. मग म्हणाले, "लय जिद्दीची म्हातारी. बोटं काढली न्हाईत शेवटपर्यंत."

मी जाकीट समोर ठेवलं. म्हटलं, "भाई, ते कुशीचं कापड कापून टाका. आता लागणार नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, बरं झालं. जाकीट उलटं केलं, ब्लेड घेतलं, डाव्या कुशीचं अस्तर टर्रकन उसवलं. उजवीकडंही अर्धं उसवून झालं आणि हात थांबला.

"ताई, ह्यात तर कापड न्हाईच."

"म्हणजे?"

"कापल्यालं हाय. दोन्हीकडनं. माझी शिवण शाबूत ठिवून दुमडीचं जास्तीचं तेवढं काढलंय." त्यांनी अस्तराची कड उजेडात धरली. "आन ही शिवण माझी न्हाई. मी मशीन मारतो. ह्यो हाताचा दोरा हाय."

बारीक धावदोरा. एकसारखा. काळ्यावर काळा, म्हणून मला कधी दिसला नव्हता. वाकळेवरचा. हातमोज्यावरचा.

हातमोजे काउंटरवरच होते, आत्या. मी ते उचलून त्यांच्या हातात दिले. त्यांनी तळव्याचं ठिगळ अंगठ्यानं चोळलं, जाकिटाच्या कापडाला लावून बघितलं आणि मान हलवली. मी तिथंच त्या जुन्या मोटरसायकलवर बसले आणि हँडलवर डोकं ठेवून रडले. दवाखान्यात रडले नव्हते, स्मशानात आम्हा बायकांना जाऊ दिलं नाही, घरी पाहुण्यांना चहा करत होते. तिथं रडले.

कधी कळलं तुम्हाला? कुणी सांगितलं? आमचं फोनवरचं बोलणं ऐकलंत, का माझ्या तोंडावर वाचलंत? एकटीनं बसून ती दुमड कापताना काय वाटलं तुम्हाला? नातवासाठी ठेवलेलं कापड तुम्ही माझ्या हातांना लावलंत, आणि वर मला भाकरीवरून बोललात. मी तुमच्यापाठीमागं उभी राहून मीठ संपलंय म्हणत होते, तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं का? एकदा तरी मागं वळून म्हणायचं होतंत, की राहू दे गं पोरी. मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं असतं. आता मी तुमच्यावर चिडू का तुमच्या पाया पडू, हे ठरवता येत नाही मला.

आणि वर बघा, तुमची शिवण आम्हीच उसवून बसलो होतो. डावी सगळी गेली. उजवीकडची अर्धी तेवढी राहिली. बशीरभाईंनी विचारलं, "आता?" मी म्हटलं राहिलेली राहू द्या, बाकीला मशीन मारा. त्यांनी उसवलेला दोरा गोळा करून माझ्या हातावर ठेवला. तो मी तुमच्या हेल्मेटात ठेवलाय. दुसरी कुठली जागा सुचली नाही. तेरावा करून ड्युटीवर परतलेल्या संदीपला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईनं मला विचारलंवतं. गेल्या सुट्टीत. मी मान खाली घातली फक्त." हे तरी त्यानं मला सांगायचं की नाही? तुम्ही मायलेक एकाच मातीचे.

तर आता एवढंच उरलंय. हातमोजे रोज लागतात. मूठ धरायची, क्लच दाबायचा, घाटात ब्रेकवर बोटं ठेवायची, सगळं तळव्यावरच. उजव्या ठिगळाची कड आत्ताच पांढरी पडलीय, एक टाका सैल झालाय. काढून खुंटीला अडकवून ठेवावेत, तर उघड्या हातांनी घाट उतरताना तुम्ही दिसाल मला, कमरेवर हात ठेवून वळणावर उभ्या. घालावेत, तर तुमचं शेवटचं काम माझ्याच हातानं थोडं थोडं झिजतंय. बशीरभाई म्हणतात वरून दुसरं कापड लावून देतो. पण मग मुठीला ते लागेल, तुमचं लागणार नाही.

काय करू, सांगा ना आत्या. मळ्याच्या वाडीला म्हैस अडलीय म्हणून फोन आला. मी हातमोजे घातले आणि निघाले.